पहिल्या तासाला एक जुनं पुस्तक घेऊन जा

दांडिया बाजार, बडोदा

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन ठेवला, पण मनात विषय घोळतच राहिला, म्हणून लिहायला बसले. ऑब्जेक्ट ओरिएंटेड सॉफ्टवेअर डिझाइनचा, म्हणजे प्रोग्रॅम एकमेकांशी बोलणाऱ्या ‘वस्तूं’त मांडण्याचा, कोर्स शिकवायला पहिल्यांदाच तुझ्या वाट्याला आलाय. पहिल्या तासाची स्लाइड तू पाठवलीस, ती पाहिली. वर ‘प्राणी’ नावाचा क्लास, म्हणजे साचा, खाली कुत्रा आणि मांजर, एक भुंकतो, दुसरी म्याँव करते. ती स्लाइड काढून टाक. मी स्वतः कित्येक वर्षं तीच शिकवली, म्हणून हक्कानं सांगते. त्या उदाहरणात मुलांना ठरवायला काही उरतच नाही. हे कोणाला हवंय, उद्या यातलं काय बदलेल, हे प्रश्न कुत्र्याच्या भुंकण्यातून निघत नाहीत. मुलं एवढंच समजतात की ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणजे इनहेरिटन्स, वरच्या क्लासचे गुण खालच्यानं वारशानं घेणं, आणि मग वर्षभर दिसेल त्याची वंशावळ काढत बसतात.

त्याऐवजी ग्रंथालयातलं एक जुनं पुस्तक वर्गात ने. जमलं तर एकाच पुस्तकाच्या दोन प्रती. शेवटचं पान उघडून पहिल्या बाकापासून फिरव. तिथे तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असेल, जांभळ्या शाईचे शिक्के, काही तिरके, काही एकमेकांवर चढलेले. आत दाखल क्रमांक, ग्रंथालयाच्या नोंदवहीतला आकडा. मग विचार, नाव एक, लेखक एक, तर दाखल क्रमांक दोन का? एका चिठ्ठीवर जागा उरली नाही आणि दुसरीवर चारच शिक्के, असं का?

इथे घाई करू नकोस. ‘हे पुस्तक मी वाचलंय’ असं आपण म्हणतो तेव्हा एक गोष्ट मनात असते, ‘हे पुस्तक फाटलंय’ म्हणतो तेव्हा दुसरीच. बोलताना एका शब्दावर भागतं, प्रोग्रॅममध्ये भागत नाही. नाव, लेखक, विषय हे पुस्तकाचं. दाखल क्रमांक, फाटकी शिवण, आज कोणाच्या घरी आहे हे प्रतीचं. दोन वेगळे क्लास.

यावर एखादा हुशार मुलगा हमखास म्हणेल, “म्हणजे पुस्तक हा क्लास आणि प्रती हे त्याचे ऑब्जेक्ट!” ऐकायला बरोबर वाटतं, आणि क्लास हा साचा आणि ऑब्जेक्ट ही त्यातून घडलेली एकेक वस्तू, ही पाठ्यपुस्तकातली व्याख्या त्यात चपखल बसते, म्हणून नवखे शिक्षकही मान डोलावतात. तू डोलावू नकोस. त्याला विचार, “उद्या ग्रंथालयात पाचशे नवी पुस्तकं आली तर पाचशे नवे क्लास लिहिणार का?” त्याचं त्यालाच कळेल. ‘पुस्तक’ हा एक क्लास आणि प्रत्येक शीर्षक हा त्याचा एक ऑब्जेक्ट. ‘प्रत’ हा दुसरा क्लास, आणि प्रत्येक प्रतीला आपलं पुस्तक ठाऊक असतं. क्लास आणि ऑब्जेक्ट यांतला फरक त्या पाच मिनिटांत जेवढा पक्का बसतो, तेवढा व्याख्या लिहून देऊन बसलेला मी पाहिला नाही.

मग तारखांच्या चिठ्ठीकडे परत ये. पुस्तक कधी परत करायचं, हे कोणाला माहीत असायला हवं? निम्मा वर्ग म्हणेल प्रतीला, निम्मा म्हणेल सभासदाला. दोघांनाही थोडं ताणू दे. सभासदाकडे तीन पुस्तकं असली तर तारखा तीन. प्रत कपाटात असली तर तारीखच नाही. तारीख असते ती देवघेवीची. देवघेव ही हातात धरता येणारी वस्तू नाही, कपाटात सापडत नाही, पण ग्रंथालयात तिच्या नावाचा वेगळा विभाग असतो, वेगळं खिडकीचं काउंटर असतं. ‘परिच्छेदातली नामं अधोरेखित करा, तेच तुमचे क्लास’ असं शिकवतात; पण देवघेव त्यातून बरेचदा निसटते, कारण परिच्छेदात ती क्रियापद होऊन बसलेली असते, ‘सभासद पुस्तक नेतो’. ती शोधून काढणं हेच तर या कोर्समध्ये शिकायचं आहे.

दुसऱ्या तासाला संगणक बंदच ठेव. कोरी कार्डं वाट. ही युक्ती केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या दोघा अमेरिकन प्रोग्रॅमरांनी १९८९ साली मांडली, आणि मुद्दाम शिकवण्यासाठीच. एका कार्डावर एका क्लासचं नाव, खाली डावीकडे त्याची कामं, उजवीकडे तो कोणाकोणाची मदत घेतो. मुलांना कार्डं हातात धरून उभं कर आणि प्रसंग घडव. प्रत नऊ दिवस उशिरा परत आली. कोण कोणाला काय विचारतं? बोलून दाखवायचं, आणि दुसऱ्याच्या कार्डावर डोकावायचं नाही, विचारायचं. अ‍ॅलन के या संगणकतज्ज्ञांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात स्मॉलटॉक ही प्रोग्रॅमिंगची भाषा घडवली तेव्हा त्यांचा भर याच निरोपांच्या देवाणघेवाणीवर होता. ऑब्जेक्टपेक्षा त्यांच्यातलं बोलणं महत्त्वाचं. वर्गात हे दिसतं. ज्या मुलीच्या हातात ‘ग्रंथपाल’ कार्ड आहे तिलाच सगळे सगळं विचारत राहतात, तिचं कार्ड पाठपोट भरतं आणि ‘सभासद’ नुसता उभा असतो. तिथे थांब आणि विचार, हिचं कुठलं काम दुसऱ्याला देता येईल? विलंब शुल्क देवघेवीनं का मोजू नये? तारीख तर तिच्याचकडे आहे.

इतकं झालं की नियम बदल. सुट्टीच्या दिवसाचं शुल्क लागत नाही असं सांग, आणि किती कार्डं खोडावी लागली ते मोजायला लाव. डेव्हिड पार्नास या संगणकतज्ज्ञांनी १९७२ मध्येच लिहून ठेवलंय की प्रोग्रॅमचे भाग कामाच्या क्रमानं पाडू नका. जो निर्णय उद्या बदलण्याची शक्यता आहे तो एका भागाच्या पोटात झाकून ठेवा. हे मला वाचून कळलं नव्हतं. एका संस्थेच्या ग्रंथालयासाठी मी तरुणपणी प्रोग्रॅम लिहिला होता, त्यात शुल्काचा दर पाच ठिकाणी हातानं लिहिलेला. दर वाढला, मी चार ठिकाणी बदलला. काउंटरच्या पावत्या आणि महिन्याचा हिशोब जुळेना. तिथले कारकून काका सलग तीन संध्याकाळी पावत्यांचा गठ्ठा पुढे घेऊन बसले होते, चूक आपलीच असणार असं समजून. त्यांचा तो चेहरा मी अजून विसरले नाही. मुलांना हे जरूर सांग. वाईट डिझाइनचा त्रास लिहिणाऱ्याला होतोच, पण आधी तो काउंटरवरच्या माणसाला होतो.

दुसरा बदल आपल्या गावातला दे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यात बोलावलं, आणि त्या काळी पुस्तकांच्या पेट्या भरून खेड्यापाड्यांत फिरती ग्रंथालयं जायची. आता सांग, प्रत सभासदाकडे न जाता पेटीतून गावाला गेली. ज्यांनी देवघेवीत ‘सभासद’ घट्ट चिकटवलाय त्यांची अडचण होईल. होऊ दे, त्यातूनच इंटरफेस, म्हणजे समोर कोण आहे हे न पाहता त्यानं काय करायचं एवढाच करार, कशासाठी लागतो ते समजेल.

इनहेरिटन्स उशिरा आण, पाचव्या-सहाव्या आठवड्यात. मुलं ‘विद्यार्थी सभासद’ आणि ‘शिक्षक सभासद’ असे दोन पोटक्लास करतील. मग विचार, पीएचडी करता करता शिकवणारी मुलगी कुठे बसवाल? आणि विद्यार्थी शिक्षक झाला तर? जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एकदा तयार झालेल्या ऑब्जेक्टचा क्लास बदलता येत नाही. त्यापेक्षा सभासद एकच ठेवावा आणि किती पुस्तकं, किती दिवस हा सवलतीचा नियम वेगळा ऑब्जेक्ट करून त्याच्या हाती द्यावा. नियम बदलला की तेवढाच काढून दुसरा द्यायचा.

इतिहासाला दहा मिनिटं पुरेत, पण ओस्लोचं नाव घे. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी तिथे १९६० च्या दशकात सिम्युला ही भाषा घडवली ती प्रत्यक्षातल्या व्यवस्थांची संगणकावर नक्कल करण्यासाठी. क्लास ही कल्पना तिथली. यूएमएलच्या, म्हणजे डिझाइन रेखाटायच्या ठरीव पद्धतीच्या, आकृत्या लागतील तेवढ्याच शिकव. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेले ते तेवीस पॅटर्न, म्हणजे डिझाइनमधल्या नेहमीच्या अडचणींवरचे तयार तोडगे, पहिल्या महिन्यात अजिबात नकोत. दुखणं कळण्याआधी औषधांची नावं पाठ होतात.

कार्डं तू विकत आणू नकोस. साठ मुलांना पुरतील एवढी माझ्याकडे आहेत, जुन्या ग्रंथसूचीची, एक बाजू कोरी. रविवारी सकाळी ये आणि घेऊन जा. येताना तुझी ती स्लाइडही आण, नवी आपण दोघी बसून करू.

तुझी,
मॅडम