जुनी पिस्तुलं नव्यांपेक्षा खरंच जास्त दणकट असायची का?

तुम्ही लिहिलंय की जुनं पिस्तूल हातात घेतलं की काहीतरी भारी वस्तू धरल्यासारखं वाटतं आणि आजचं प्लास्टिकच्या फ्रेमचं पिस्तूल खेळणं वाटतं, म्हणजे दर्जा घसरला का? दिसण्यात घसरला, हे मान्य. टिकण्यात मात्र बहुतेक वेळा उलटंच आहे. मी टूलरूममध्ये काम करणारा माणूस, त्यामुळे शस्त्राकडेही आधी सुटे भाग म्हणूनच बघतो.

जुन्या कामाची खरी गंमत जर्मन लुगर पी ०८ मध्ये दिसते. वर गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा, आणि त्यातल्या लहानसहान भागांवरसुद्धा पिस्तुलाच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले. कारण ते भाग त्याच एका पिस्तुलासाठी हाताने जुळवून बसवलेले असत. दुसऱ्या लुगरचा भाग नीट बसेलच याची खात्री नाही. संग्राहक सगळे नंबर जुळणाऱ्या नगासाठी जास्त पैसे मोजतात ते यासाठीच. पण फौजेला असलं लाडावलेलं हत्यार परवडत नाही. बनवायला वेळ आणि पैसा फार जातो म्हणून जर्मन सैन्याने १९३८ मध्ये वॉल्थर पी ३८ घेतलं.

आता पोलादाकडे या. बाहेरची पॉलिश डोळ्यांना दिसते, पोलादाला पाणी कसं दिलंय ते दिसत नाही. इथे पिस्तूल सोडून रायफलीचं उदाहरण देतो, कारण याहून बोलकं मला माहीत नाही. अमेरिकेच्या एम १९०३ स्प्रिंगफील्ड रायफलींचे सुरुवातीचे रिसीव्हर (नळी ज्यात बसते तो मुख्य पोलादी सांगाडा) तापवताना कारागीर तापमान डोळ्यांनी, धातूच्या रंगावरून ठरवायचे. लख्ख ऊन असलं की तोच रंग फिका भासायचा आणि पोलाद गरजेपेक्षा जास्त तापायचं. असे काही रिसीव्हर पुढे फुटले. १९१८ च्या सुमारास तापमापक यंत्रं आणि नवी प्रक्रिया आली. कामगार अडाणी नव्हते, पण हाताला यश असलं तरी डोळा म्हणजे मीटर नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या कोल्ट १९११ या अमेरिकी लष्करी पिस्तुलाच्या स्लाइडही (गोळी सुटताच मागेपुढे सरकणारा वरचा भाग) आजच्या मानाने मऊच. फार गोळ्या झाडल्या तर त्यांना तडे जातात. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने घेतलेल्या ग्लॉक १७ ची स्लाइड दिसायला अगदी रुक्ष, पण तिच्या पृष्ठभागावरची कठीण प्रक्रिया झिजेला आणि गंजाला दाद देत नाही.

बरं, ‘जुनं’ म्हणजे तरी कोणतं जुनं? पोलंडचं व्हिस पिस्तूल घ्या. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचं असेल तर स्लाइडवर गरुडाची मोहर आणि काम इतकं सुबक की नजर हटत नाही. तेच पिस्तूल जर्मन ताब्यातल्या शेवटच्या काळातलं असेल तर अंगावर कटरचे ओरखडे आणि लाकडी मुठी. आराखडा एकच, दर्जात जमीन-अस्मानाचा फरक. उलट १९७५ च्या सिग पी २२० ची स्लाइड पत्रा दाबून, वाकवून बनवलेली होती आणि आतला ठोकळा वेगळा करून पिनने बसवलेला. पुढे त्याच घराण्यात एका सलग ठोकळ्यातून कोरलेल्या स्टेनलेस स्लाइड आल्या. म्हणजे इथे नवंच जास्त भरीव! (पत्र्याची स्लाइडही उत्तम चालायची, हा भाग वेगळा.)

नव्यांवरचा एक आरोप मात्र मला पटतो. घोडा, सिअर (घोडा अडवून धरणारा भाग), सेफ्टी असे छोटे भाग आता बरेचदा एमआयएम (मेटल इंजेक्शन मोल्डिंग) पद्धतीने बनतात. धातूची भुकटी प्लास्टिकसारख्या चिकट पदार्थात मिसळून साच्यात दाबायची, मग तो पदार्थ काढून टाकून भाग भट्टीत भाजायचा. भाजताना तो चांगलाच आकसतो. अशा भागावर साच्याची बारीक गोल खूण दिसते. काम नीट झालं तर काही बिघडत नाही. आत पोकळी राहिली तर भाग कसलीही चाहूल न देता तुटतो. माझा राग पद्धतीवर नाही, तपासणीत वाचवलेल्या पैशांवर आहे.

जुन्यांचा मोठा गुण वेगळाच आहे, तो म्हणजे दुरुस्ती. १९११ ची स्लाइड फ्रेमवर खडखडायला लागली तर जाणकार गनस्मिथ स्लाइड ज्यांवर सरकते त्या फ्रेमच्या पट्ट्या ठोकून पुन्हा घट्ट करतो. पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकच्या, फ्रेममध्ये स्टीलच्या पट्ट्या साच्यातच रोवलेल्या असतात. त्या गेल्या की फ्रेम बदलायची.

सुरक्षिततेत नवी पुढे. कोल्टने १९८३ मध्ये १९११ ची सिरीज ८० ही आवृत्ती आणून फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी सुई) अडवणारा भाग दिला. त्याआधीच्या लष्करी १९११ मध्ये तो नसे. अर्थात नवं म्हणून डोळे मिटू नका. सिग पी ३२० खाली पडल्यावर त्यातून गोळी सुटू शकते असं २०१७ मध्ये समोर आलं आणि कंपनीला चापाचे भाग फुकट बदलून द्यावे लागले.

जुनं पिस्तूल चालवायचंच असेल तर आधी ते रिकामं आहे याची खात्री करून खोला. स्लाइडच्या खिडकीचे (रिकामी काडतुसं बाहेर पडतात त्या भोकाचे) कोपरे पातळ तेलाने पुसा, कोरडे करा आणि थोडा वेळ ठेवा. तेलाची केसासारखी रेघ पुन्हा उमटली तर तो तडा आहे, ते पिस्तूल कपाटातच बरं. रेघ नसेल तर रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड पुन्हा पुढे ढकलणारी) बदला आणि जास्त दाबाची आधुनिक काडतुसं त्यात घालू नका.