जळगावात नवीन आहेस? मग आधी सतरंज्या उचल
भाऊ, तू म्हणतोस दोन महिने झाले जळगावात येऊन, कविता लिहितो, पण आपलं म्हणावं असं कोणी भेटत नाही. अरे पण तू भेटायला जातोस कुठे? रूमवर बसून कोणी भेटत नसतं. मी चोपड्याहून आलो तेव्हा माझंही तेच, कार्यक्रमाला जायचो, मागच्या खुर्चीत बसायचो अन चहा व्हायच्या आधी सटकायचो, वर्षभर कोणाला माझं नाव माहीत नव्हतं.

मग एकदा राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीला एका मित्रासोबत गेलो, त्यांचा प्रॉम्प्टर, म्हणजे विसरलेले संवाद आडून सांगणारा, आलाच नाही, माझ्या हातात स्क्रिप्ट दिली, तीही झेरॉक्स इतकी फिकी की लाईटखाली धरून वाचावी लागायची. पंधरा दिवस तेच केलं, शेवटी भरीत-पुरीच्या पार्टीला कोणी बोलवायच्या आधीच माझं ताट मांडलेलं होतं!

म्हणून सांगतो, पहिल्या भेटीत डायरी काढू नको. बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात काही असलं तर अर्धा तास आधी जा, खुर्च्या लावू लाग. आणि कविता वाचलीच तर आपल्या बोलीत वाच, लाजू नको, इथे बहिणाबाईंचा वाडा आहे गावात. अमळनेरही जवळच, तिथे १९५२ ला अन परत २०२४ ला साहित्य संमेलन झालं, तिकडचे लिहिणारे लोकही ओळखीचे कर.

एक ग्रुप नाही जमला तर दुसरा बघ. काही ठिकाणी नुसते हारतुरे असतात, तिथे टाईमपास नको. रविवारी मेहरूण तलावावर ये, आम्ही चारपाच जण असतो.