बाई, हे कशानं निघेल?

पोळा झाला, मारबत गेली की नागपुरात घरं आवरायची घाई सुरू होते, आणि या सदराला येणाऱ्या पत्रांचा सूरही एक होतो: केमिकल नको, घर मात्र लख्ख हवं. मी आयुष्यभर अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे ‘केमिकल नको’ वाचलं की हसू येतं. पाणीही रसायनच. पण तुम्हाला काय म्हणायचं ते कळतं. हात जळू नयेत, नाकात वास जाऊ नये आणि मोरीतून वाहून जातं त्यानं पुढं कुणाचं नुकसान होऊ नये. एवढं जमण्यासारखं आहे. महागाच्या ‘नॅचरल’ बाटल्या न आणताही जमतं.

बाई, आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. टाइल्स, नळ, बादल्या, सगळ्यांवर पांढरे डाग. मोबाइलवर पाहून खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून लावलं. फेस जोरात आला, डाग जिथल्या तिथे. काय चुकलं? (मानेवाडा)

दोन्ही वस्तू चांगल्या आहेत, एकत्र करणं तेवढं चुकलं. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्क. भेटले की एकमेकांना संपवतात. तो फेस म्हणजे निघून जाणारा कार्बन डायऑक्साइड, आणि खाली उरतं ते किंचित खारट पाणी. त्यानं काय निघणार? व्हिडिओत मात्र फेस छान दिसतो.

तुमचे डाग मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे. महापालिकेचं पाणी पेंच आणि कन्हानचं, म्हणजे धरणातलं आणि नदीतलं. बोअरचं पाणी मातीखडकातून मुरत येतं आणि वाटेतले क्षार सोबत आणतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय, दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. तुमचं किती भरतं ते एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्या. साबणाला फेस येत नसेल आणि डाळ शिजायला वेळ लागत असेल तर अंदाज तुम्हाला आलेलाच असेल.

या डागांना फक्त आम्ल लागतं. किराणा दुकानात लिंबूसत मिळतं, म्हणजे सायट्रिक ॲसिड. मोठा चमचाभर लिंबूसत अर्धा लिटर कोमट पाण्यात विरघळवा, त्यात जुनं सुती फडकं भिजवून नळाला गुंडाळा आणि पंधरा-वीस मिनिटांनी ब्रशनं घासून भरपूर पाण्यानं धुवा. फार जुना थर असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. रात्रभर गुंडाळून ठेवू नका, नळाची चकाकी जाईल.

आता महत्त्वाचं. घरात संगमरवर किंवा कोटा फरशी असेल तर तिथे लिंबू, व्हिनेगर, लिंबूसत काहीही नेऊ नका. संगमरवर म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेटच. आम्लाला डाग कोणता आणि फरशी कोणती हे कळत नाही. दोन्ही खातं. तिथे साधं पाणी आणि थेंबभर भांड्यांचा साबण पुरे.

आणि आंघोळ झाली की भिंतीवरून वायपर फिरवा. पाणी सुकतं तेव्हाच क्षार मागे राहतात. पाणीच राहिलं नाही तर डाग कुठून येणार?

संडास स्वच्छ व्हावा म्हणून मी आधी ब्लीचिंग पावडर टाकते आणि वरून टॉयलेटचं ॲसिड ओतते. दुहेरी काम होतं, पण खूप खोकला येतो. नैसर्गिक पर्याय सांगा. (नंदनवन)

पर्याय नंतर. आधी हे आजच थांबवा. ब्लीचिंग पावडरवर आम्ल पडलं की क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात 1915 साली ईप्रच्या रणांगणावर हाच वायू सैनिकांवर सोडला होता. तुम्ही तो दार लावून छोट्या खोलीत तयार करताय. व्हिनेगर आणि लिंबूसत ही पण आम्लंच, तेव्हा ‘नैसर्गिक’ म्हणून ती ब्लीचिंगसोबत चालतील असं समजू नका. पुन्हा कधी असा वास आला तर पाणी ओतत बसू नका, बाहेर या, आणि छाती भरून आली तर डॉक्टर गाठा.

रोजच्यासाठी ब्रश आणि थोडा साबण. पिवळा थर असेल तर रात्री भांड्यातलं पाणी कमी करून दोन चमचे लिंबूसत टाका आणि सकाळी घासा. त्या दिवशी ब्लीचिंग नाही.

आता आंबिया बहाराचा संत्रा येईल. आमच्या सोसायटीतल्या बायका सालांचं बायो-एन्झाइम करतात. त्यानं फरशी, ओटा, संडास सगळं होतं म्हणतात, जंतूही मरतात म्हणे. तुमचं काय मत? (प्रतापनगर)

माझं मत ऐकून तुमच्या सोसायटीतल्या बायका माझ्यावर रुसतील.

आधी कृती. एक भाग गूळ, तीन भाग सालं, दहा भाग पाणी. म्हणजे शंभर ग्रॅम गूळ, तीनशे ग्रॅम सालं, लिटरभर पाणी. प्लास्टिकच्या डब्यात भरा, वर थोडी जागा सोडा. काचेची बरणी नको, वायूनं फुटते. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्यायचा. तीन महिन्यांनी गाळायचं. वर पांढरी साय आली तर घाबरू नका, काळी-हिरवी बुरशी आली तर फेकून द्या.

या डब्यात घडतं ते आंबवणं. गुळातली साखर यीस्ट आणि जिवाणू खातात आणि बरंचसं आम्ल तयार होतं, मुख्यतः व्हिनेगरमध्ये असतं तेच. सालांचा वास आणि थोडं तेल त्यात उतरतं. म्हणजे तुमच्या हातात येतं ते वासाचं पातळ व्हिनेगर. बादलीभर पाण्यात झाकणभर टाकून टाइल्स पुसा, छान वाटेल. संगमरवराला तेवढं लावू नका, कारण वर सांगितलं तेच. ‘जंतू मरतात’ या भरवशावर मात्र आजाऱ्याची खोली पुसू नका. आणि एन्झाइम या नावानं फार भारावून जाऊ नका.

गंमत म्हणजे एवढा गूळ आणि तीन महिने घालवून जे होतं, ते काम चमचाभर लिंबूसत त्याच दिवशी करतं. मला विचाराल तर गूळ खावा. पण करायची हौस असेल, सालं नाहीतरी कचऱ्याच्या गाडीत जाणार असतील, तर जरूर करा. हौसेला मी कधी नाही म्हटलं नाही.

सालांचा खरा ऐवज त्यांच्या तेलात आहे. संत्र्याच्या सालीत लिमोनीन असतं आणि ते चिकटपणा विरघळवतं. डब्यावरच्या लेबलचा गोंद निघत नसेल तर ताजी साल उलटी धरून त्यावर पिळा, दोन मिनिटांनी घासा. थर्मोकोलवर पिळून बघा, नातवंडं खूश होतील. तो विरघळतो.

कूलर आवरायची वेळ झाली. ताट्यांवर पांढरा थर आहे, टाकीत शेवाळ. दर वर्षी फिनाइल टाकतो. दुसरं काही? (गोधनी)

कूलरचं पत्र आल्याशिवाय माझं सदर नागपूरचं वाटत नाही. मार्चपासून पावसापर्यंत हा प्राणी आपल्याकडे घरातला सदस्यच असतो, पण त्याची आंघोळ वर्षातून एकदा.

ताट्या कोणत्या आहेत ते लिहिलं नाही. लाकडाच्या किसाच्या असतील तर थर चढल्यावर त्या धुण्यात अर्थ नाही. बदला. जुनी ताटी वाळवून जाळी काढली की कीस बागेत आच्छादन म्हणून चालतो. फक्त कुंडीत फार टाकू नका, त्यात क्षार असतात. वाळ्याच्या असतील तर साध्या पाण्यात बुडवून, झटकून सावलीत वाळवा. मधमाश्यांच्या पोळ्यासारखे खाने असलेले तपकिरी पॅड असतील तर ते बाहेर काढून लिंबूसताच्या सौम्य पाण्यात तासभर ठेवा आणि पाइपनं हलक्या धारेनं धुवा. ब्रश नको, कागदासारखे असतात, सोलले जातात.

टाकी पत्र्याची असेल तर तिच्यात आम्ल ओतू नका. पत्र्यावरचा जस्ताचा मुलामा आम्ल खातं आणि पुढच्या उन्हाळ्यात गंजून गळू लागते. प्लास्टिकची असेल तर चालतं. फिनाइल नकोच, कारण पुढच्या वर्षी पंखा सुरू केला की तोच वास घरभर फिरतो. घरात मांजर असेल तर काळं फिनाइल अजिबात नको, त्यातले फिनॉल मांजराला पचवता येत नाहीत.

टाकी रिकामी केली म्हणजे काम झालं असंही नाही. डेंग्यूचा डास अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला चिकटवतो. ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात आणि पाणी भरलं की फुटतात. म्हणून भिंती घासायच्या. खराट्याचा जुना बुडखा किंवा नारळाची शेंडी घ्या, थोडा साबण, आणि कडेकोपरे खरवडा. मग दोन दिवस कडक उन्हात. पुढच्या उन्हाळ्यातही आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण काढून हेच करा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, त्याच्या आत घासलं की झालं. शिवाय जुनं पाणी काढल्यानं ताट्यांवर क्षारही कमी बसतात.

मी बारावीत आहे. माझी आई चार घरी धुणीभांडी करते. हाताला भेगा पडल्या, रात्री आग होते. घरोघरी वेगळी पावडर, एका घरी फरशीला ॲसिड. आम्ही काय करू? (सक्करदऱ्याजवळून)

तू लिहिलंस हे फार बरं केलंस. भांड्यांच्या आणि कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, तो चांगलाच अल्कधर्मी. आपली कातडी किंचित आम्लधर्मी असते. दिवसभर सोड्यात राहिलेल्या हाताचं तेल निघून जातं आणि मग ती भेगाळते. पहिलं म्हणजे कोरडी पावडर हातानं उचलू नये. वाटीत पाणी घेऊन विरघळवावी, किंवा वडीचा साबण वापरावा. तारेची घासणी भेगांना आणखी फाडते. सुकवलेल्या गिलक्याची जाळी किंवा नारळाची शेंडी घेतली तर तेवढाच खरकटा निघतो. आधी भांडी भिजत ठेवली की घासायलाच कमी लागतं. प्रत्येक घरून निघताना साध्या पाण्यानं हात धुऊन खोबरेल तेल. रात्री तेल जरा जास्त लावून जुने सुती मोजे. रबरी हातमोजे आत ओले झाले तर त्रास वाढतो, म्हणून ते उलटे करून वाळवावेत. महिनाभरात फरक नाही पडला, किंवा पू-पाणी आलं, तर सरकारी रुग्णालयातल्या त्वचा विभागात दाखव.

आता त्या घरच्या लोकांसाठी. ॲसिड तुमच्या फरशीचे सांधे खातं आणि तिचे हातही. हातमोजे तुम्ही आणून द्या, पगारातून नाही. दारंखिडक्या उघडी ठेवा. आणि ‘इको-फ्रेंडली’ बाटली आणली म्हणून हे सगळं सुटलं असं समजू नका, त्या बाटलीवर लिहिलेलं प्रमाण पाळायला कुणी सांगितलंय का तेही बघा. बहुतेक घरी जितकं लागतं त्याच्या दुप्पट ओततात. जादा साबण जातो नाग नदीत, नाग नदी कन्हानात, कन्हान वैनगंगेत, आणि ते पाणी गोसेखुर्दच्या धरणात साठतं. शहराच्या मोरीचं पाणी शेतापर्यंत जातं.

प्लास्टिकचा झाडू घ्यावा की फडा? सासूबाई फड्याशिवाय ऐकत नाहीत. (वर्धा)

सासूबाईंचं ऐका. फडा शिंदीचा, झिजला की चुलीत नाहीतर खतात. अंगणाला खराटा, आत फुलझाडू. नवा फुलझाडू भुसा फार सोडतो, आधी अंगणात चांगला झटकून घ्या. ओल्या जागी मात्र फडा सडतो. बाथरूमसाठी प्लास्टिकचा एक ठेवा, तो वर्षानुवर्षं टिकतो, त्याचं पाप मानू नका. पुसायला जुन्या धोतराचं फडकं घ्या. मायक्रोफायबरचं कापड धूळ छान उचलतं, पण धुताना प्लास्टिकचे बारीक धागे सोडतं.

चिमणीची जाळी तेलानं चिकट झाली. धुण्याच्या सोड्यात उकळली तर काळी पडली. (धरमपेठ)

जाळी ॲल्युमिनियमची आहे. धुण्याचा सोडा त्याला खातो. काळेपणा जाणार नाही, पण जाळी काम देईल. यापुढे कडक गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, अर्धा तास भिजवून. सोडा स्टीलच्या जाळीला ठेवा. आणि सावजी रस्सा कराल त्याच रात्री जाळी काढा, तेल थंड होऊन बसायच्या आत.

तर्री सांडून पांढऱ्या टेबलक्लॉथवर पिवळा डाग पडला. साबण लावताच लाल झाला! घरच्यांनी मलाच बोल लावले. (इतवारी)

हळद अल्कात लाल होते. बारावीच्या प्रात्यक्षिकात मुलं हे बघून दरवर्षी ओरडायची. आधी साबणानं तेल काढा, लाल झालं तरी होऊ द्या, आणि भरपूर पाण्यानं साबण धुऊन टाका, पुन्हा पिवळा होईल. मग ओलाच गच्चीवर, डागाची बाजू वर करून टाका. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. ऑक्टोबरचं ऊन आहे, दोन दुपारी द्या. राहिलाच तर तिसरी.