बाळाच्या बोटाला शब्दांनी उत्तर द्या

स. न.

तुमची लेक दहा महिन्यांची आहे. कडेवर घ्या म्हणून ती हात वर करते, नको असले की वाटी ढकलते. मात्र खाणाखुणांची सवय लागली तर ती बोलायला उशीर करील असे सासूबाईंनी सांगितल्यापासून तुम्ही टाळ्या, टाटा सारे थांबवले आहे, असे तुम्ही लिहिता. कृपा करून ते आजच पुन्हा सुरू करा. सासूबाईंची काळजी मायेपोटी आहे, पण खुणांमुळे बोलणे लांबते असे अभ्यासांत आढळलेले नाही. उलट मूल जी वस्तू आधी बोटाने दाखवते, तिचे नाव पुष्कळदा काही महिन्यांतच त्याच्या तोंडी येते.

साधारण नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान मुले हातातली वस्तू आपल्याला देऊ लागतात, दाखवू लागतात आणि मग तर्जनी पुढे करतात. त्या बोटाने कधी 'मला ते हवे' असे सांगायचे असते, तर कधी 'तू पण बघ ना' असे. हे दुसरे मला फार मोलाचे वाटते, कारण त्यात मागणे काहीच नसते, तुमच्यासोबत पाहण्याची ओढ तेवढी असते. म्हणून तिने खिडकीकडे बोट केले, तर हातातले काम क्षणभर ठेवून आधी तिकडे पाहा आणि मग 'हो गं, काऊ आला! कठड्यावर बसलाय काऊ' असे म्हणा.

भरल्या घरात बाळाला काही मागण्याची वेळच येत नाही; तोंड वाकडे व्हायच्या आत दूध हजर असते. त्याऐवजी केळ्याची फोड आणि दुधात भिजवलेली पोळी तिच्यासमोर धरून 'काय हवंय?' असे विचारा आणि पाच-सात सेकंद गप्प राहा. तिची नजर वळेल, हात पुढे येईल. ते तिचे उत्तर समजून 'केळं हवंय होय!' म्हणत तेच द्या. तिचे हात धरून टाळ्या वाजवून घेऊ नका, पाहुण्यांसमोर 'टाटा कर' असा आग्रहही नको. तळहातावर बोट टेकवून मोराला चारा घालण्याचा खेळ सासूबाईंना येत असेलच. तो त्यांच्याकडे सोपवा.

वर्ष उलटूनही ती एकही खूण करत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा येत असलेली खूण कोणत्याही वयात नाहीशी झाली, तर मात्र 'बोलेल हळूहळू' म्हणत थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवून तिच्या श्रवणाची तपासणी करून घ्या. अनेक जिल्हा रुग्णालयांतील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत, म्हणजे मुलांच्या वाढीतील अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या विभागांत, ही सोय मोफत असते.