‘हे पिता’ नव्हे, आणि ‘अब्बा’ म्हणजे ‘पप्पा’ही नव्हे

ख्रिस्ती प्रार्थनेत ‘हे पिता’ म्हणावे की ‘हे पित्या’, आणि ‘अब्बा’ म्हणजे ‘पप्पा’ हे खरे का, असे एका वाचकाने विचारले आहे. पहिल्या प्रश्नाला फार वेळ नको. नेत्याला ‘नेत्या’, दात्याला ‘दात्या’, तसे पित्याला ‘पित्या’. ‘हे पिता’ ही हिंदीची लागलेली सवय आहे आणि ती सतत कानी पडते याचा मला मनापासून त्रास होतो, कारण संबोधन चुकले की हाक उरत नाही, नुसता उल्लेख उरतो.

खरा आनंद ‘अब्बा’त आहे. हा अरामी, म्हणजे येशूच्या बोलीतला, शब्द बायबलच्या नव्या करारात तीनदाच येतो: मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात आणि पौलाच्या रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत. तिन्ही ठिकाणी त्याला लागूनच ग्रीक ‘हो पातेर’, म्हणजे शब्दशः ‘तो बाप’, असे आहे. अरामीत ‘अब’ म्हणजे बाप आणि शेवटचा ‘आ’ निश्चितता दाखवणारा, ‘हो’ हे त्याचेच ग्रीक रूप. मराठी बायबलने ‘अब्बा, बापा’ केले, ते अगदी योग्य केले.

‘पप्पा’ची कल्पना पसरली ती योआखिम येरेमियास या जर्मन अभ्यासकाच्या मांडणीतून: अब्बा हे तान्ह्या मुलाच्या बोबड्या बोलातून आले, असे त्यांचे म्हणणे. पुढे त्यांनीच तिला मुरड घातली, आणि 1988 साली बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी प्रौढ मुलेही बापाला अब्बाच म्हणत हे दाखवून दिले. तरी प्रवचनकार अजून तेच सांगतात. उगम बालमुखातला मानला, तरी वापर बालिश ठरत नाही. आपला ‘बाप’च पाहा. काही जण तो ‘वप्ता’, म्हणजे पेरणारा, या संस्कृत शब्दापासून ओढून आणतात, पण मला ते शेतकऱ्याच्या घरी पंडिताने केलेले बारसे वाटते. प्राकृतातला ‘बप्प’ हा ओठ मिटून उघडताच निघणारा, मुलाच्या तोंडचा शब्द आहे, असे माझे ठाम मत आहे. ‘बाप्पा’त तो आजही ऐकू येतो. तरीही ‘माझा बाप’ म्हणणाऱ्या चाळीस वर्षांच्या माणसाला कोणी बोबडा म्हणत नाही. गेथशेमाने बागेत मरण समोर दिसत असताना, ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ म्हणणाऱ्या येशूच्या तोंडी लाडिक ‘पप्पा’ बसतच नाही. तिथे जवळीक आहे आणि आज्ञापालनही आहे, आणि ही दोन्ही ‘बापा’ या हाकेत एकत्र मावतात.

फादर थॉमस स्टीफन्स यांना हे चारशे वर्षांपूर्वी उमगले होते. इंग्लंडात जन्मलेल्या या जेझुइट (येशूसंघी) धर्मगुरूने गोव्यात राहून मराठीत रचलेले, 1616 साली छापले गेलेले ख्रिस्तपुराण उघडले की पहिल्याच ओवीत हाक ऐकू येते: ‘वो नमो विश्वभरिता, देवा बापा सर्वसमर्था’.