कंपनामुळे घर्षण कमी होतं का? घट्ट आवळलेले नटसुद्धा सैल का पडतात?

दोन्ही प्रश्नांची गोम एकच आहे: घर्षण नेहमी सरकण्याच्या उलट दिशेने लागतं. वस्तू आडवी सरकायला लागली की घर्षण तिला आडवंच अडवतं. त्या क्षणी उभ्या दिशेला अडवायला त्याच्याकडे फारसं काही उरत नाही.

घरी करून बघा. पाट किंचित उतरता धरा, वर वाटी ठेवा. वाटी जागची हलणार नाही. आता पाट डावी-उजवीकडे जोरात हलवा. खाली कुणी ढकललेलं नसतानाही वाटी उतरत येते.

बोल्टचा आटा म्हणजे गुंडाळलेला उतारच. १० मिमीच्या नेहमीच्या बोल्टवर हा उतार साधारण ३ अंशांचा असतो, इतक्या कमी उतारावर घर्षण नटला सहज धरून ठेवतं. पण जोडलेले भाग एकमेकांवर आडवे घसरू लागले की नटची गत त्या वाटीसारखी होते. गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरने १९६९ मध्ये हेच प्रयोगाने दाखवलं: बोल्टच्या लांबीच्या दिशेतल्या कंपनापेक्षा आडवं कंपन कितीतरी जास्त घातक.

मी खडी क्रशरवर मेंटेनन्स बघायचो. चाळणीच्या प्रत्येक नटवरून खालच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवायचो. दोन दिवसांनी धूळ पुसली की काही रेघा तुटलेल्या दिसायच्या, आणि नट दरवेळी सुटण्याच्याच बाजूला सरकलेला. आम्ही स्प्रिंग वॉशर घालत राहिलो. आडव्या घसरणीपुढे तो जवळजवळ निरुपयोगी आहे, हे फार उशिरा कळलं. खरा इलाज म्हणजे बोल्टमध्ये इतका ताण ठेवायचा की भाग घसरूच नयेत. त्यातही आवळण्याचा सुमारे ९० टक्के जोर घर्षणातच जातो, म्हणून आटे कोरडे आहेत की तेलकट, यावर बोल्टमधला ताण खूप बदलतो. टॉर्क रेंचचा (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याचा) आकडा बघताना हे विसरू नका.

हेच कंपन घर्षण कमी करायला मुद्दाम वापरायचं तर त्याचा वेग सरकण्याच्या वेगापेक्षा जास्त हवा. अल्ट्रासॉनिकमध्ये, म्हणजे कानाला ऐकू येणार नाही इतक्या जलद कंपनात, हे सहज जमतं: सेकंदाला २०,००० वेळा, मधल्या जागेपासून फक्त ५ मायक्रॉन हललं, तरी कमाल वेग सेकंदाला ६० सेंटिमीटरच्या वर जातो. तार बारीक करायला ती साच्याच्या भोकातून ओढताना साच्याला असं कंपन दिलं की ओढायला जोर कमी लागतो.

तुमच्या मशीनचे नट सुटत असतील तर आधी रेघ मारा, आणि ज्या नटची रेघ तुटेल तिथे कोणते दोन भाग घसरतायत ते शोधा.