हाताने लिहिलेली असेंब्ली कोण तपासतं?

प्रश्न : मी इचलकरंजीची, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मायक्रोप्रोसेसरच्या लॅबमध्ये असेंब्ली (प्रोसेसरला थेट एकेक सूचना देणारी भाषा) लिहिली आणि तोच विषय आवडला. मैत्रिणी वेब नाहीतर डेटा सायन्सचे कोर्स करतायत. बाबा यंत्रमागावर जॉबर आहेत, म्हणजे माग जुळवून-दुरुस्त करून चालते ठेवतात. ते म्हणतात, "आता मशीनच कोड लिहायला लागलंय, हाताने लिहिणाऱ्याला कोण विचारतो?" लिनक्स कर्नलमधली (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली) असेंब्ली तपासण्याचं काम असतं असं वाचलं. त्यात करिअर होतं का?

उत्तर : होतं. पण निव्वळ असेंब्ली लिहिण्याचा पगार मिळेल असं समजू नकोस. पगार मिळतो तो वाचण्याचा आणि तपासण्याचा.

कर्नलचा फार मोठा भाग सी भाषेत आहे. असेंब्ली उरते ती सीचं चालत नाही तिथे: सिस्टिम कॉल (प्रोग्रामची कर्नलकडे मागणी) आत येतो तो उंबरठा, इंटरप्ट (हार्डवेअरने मध्येच दिलेली हाक), एका टास्कवरून दुसऱ्यावर जाणं, शिवाय वेगासाठी हाताने लिहिलेली काही एन्क्रिप्शनची रूटिन्स. स्टॅक म्हणजे चालू फंक्शनांची माहिती एकावर एक रचली जाते ती मेमरी. सीमध्ये स्टॅकची आवराआवर कंपायलर करतो. असेंब्लीत ती लिहिणाऱ्याच्या अंगावर पडते.

एक चूक नीट समजून घे, सगळा विषय तिच्यात आहे. आरबीपी आणि आरएसपी ही प्रोसेसरमधली दोन रजिस्टर, म्हणजे किमती धरणारे छोटे कप्पे; आरएसपी स्टॅकचं टोक दाखवतो. फंक्शन सुरू होताना आरबीपी स्टॅकवर ठेवायचा, मग आरबीपीत आरएसपीची किंमत घ्यायची आणि परतताना सगळं पूर्ववत करायचं, ही फ्रेम पॉइंटरची रीत. समज, असेंब्लीतल्या फंक्शनने हे केलंच नाही आणि पुढे एका सी फंक्शनला कॉल केला. प्रोग्राम बिनतक्रार चालतो. पण त्या क्षणी स्टॅक ट्रेस (कोणी कोणाला कॉल केला त्याची यादी) काढलास, तर त्यातून एक नाव गळालेलं असतं. गंमत म्हणजे ते चूक करणाऱ्याचं नसतं, त्याला ज्याने कॉल केला त्याचं असतं! कागदावर चौकोन काढून हे स्वतः पडताळून बघ. जमलं, तर या क्षेत्रात तुझं डोकं चालेल.

एक नाव गळालं तर बिघडलं काय? 2015 साली लिनक्स 4.0 मध्ये लाइव्ह पॅचिंग आलं, म्हणजे मशीन बंद न करता चालत्या कर्नलमधलं फंक्शन बदलायचं. त्यासाठी जुन्या फंक्शनच्या मध्यावर कुठलं टास्क झोपलेलं नाही ना, हे बघावं लागतं, आणि ते कळतं स्टॅक ट्रेसवरूनच. ट्रेस खोटा, तर निर्णयही खोटा.

म्हणून 2016 मध्ये लिनक्स 4.6 मध्ये ऑब्जटूल हे तपासणीचं हत्यार आलं. ते सोर्स वाचत नाही. तयार झालेली ऑब्जेक्ट फाइल (मशीनच्या भाषेतला कोड) उघडतं, एकेक इन्स्ट्रक्शन उलगडतं, प्रत्येक फाट्यावर दोन्ही वाटांनी जातं आणि परतताना स्टॅक होता तसाच आहे का ते बघतं. नसेल तर 'रिटर्न विथ मॉडिफाइड स्टॅक फ्रेम' असा इशारा देतं. पुढच्याच वर्षी, लिनक्स 4.14 पासून, हेच हत्यार स्टॅक उलगडण्याचा ऑर्क नावाचा तक्ताही बनवू लागलं. तेव्हा फ्रेम पॉइंटरची सक्ती गेली, पण असेंब्लीत जिथे स्टॅकची रचना वेगळी असते तिथे माणसाला अनवाइंड हिंट (इथे स्टॅक कसा आहे हे सांगणारी खूण) लिहावी लागते. हिंट चुकली की तक्ता चुकला.

मग माणूस कशाला? कारण इशारा प्रत्येक वेळी खरा नसतो. कधी कंपायलरच विचित्र कोड काढतो, कधी रजिस्टरमधून मारलेली उडी कुठे जाते ते हत्याराला कळत नाही. खरी चूक कोणती हे ठरवायला कोड वाचावाच लागतो. 'ही फाइल तपासू नको' असं मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) लिहून हत्याराचं तोंड बंद करायचीही सोय आहे. नवशिक्यांना तिचा फार मोह होतो, तू त्यात पडू नकोस.

2009 मध्ये सिडनीत एसईएलफोर नावाचा छोटा कर्नल ठरल्याप्रमाणेच वागतो, याची गणिती सिद्धता पूर्ण झाली. सीच्या सुमारे 8,700 ओळी त्यात सिद्ध झाल्या. असेंब्लीच्या सुमारे 600 ओळी मात्र बरोबर आहेत असं गृहीत धरावं लागलं. म्हणजे तिथे माणसाची नजरच हवी. वडिलांना हे जरूर सांग.

आता कामाचं. घरच्या लॅपटॉपवर लिनक्स टाक आणि कर्नल स्वतः बिल्ड कर. असेंब्लीच्या एखाद्या छोट्या फंक्शनमध्ये आर12 हे रजिस्टर पुश करून (स्टॅकवर ठेवून) पॉप (परत काढणं) मुद्दाम गाळ आणि ऑब्जटूल काय म्हणतं ते वाच. ऑब्जडम्पने (ऑब्जेक्ट फाइलमधली असेंब्ली दाखवणारा प्रोग्राम) रोज एक फंक्शन उलगडून बघ. सी पक्की कर, तिच्याशिवाय या वाटेवर पाऊलही पडणार नाही. मग एखादी खरी दुरुस्ती पाठव. कर्नलमध्ये पॅच (कोडमधला बदल) साध्या मजकुराच्या ईमेलने जातो आणि लोक तो उघडपणे फाडतात. वाईट वाटून घेऊ नकोस, तीच शिकवणी. लिनक्स फाउंडेशनच्या एलएफएक्स मेंटॉरशिपवर (जाणत्यांच्या हाताखाली शिकायची योजना) नजर ठेव. पदवीनंतर हातात काम हवं असेल तर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा एम्बेडेड सिस्टिम डिझाइनचा डिप्लोमा बघ, त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

जागा कमी असतात, हे लपवत नाही. 'कर्नल', 'सिस्टिम सॉफ्टवेअर', 'फर्मवेअर', 'टूलचेन' (कंपायलर वगैरे हत्यारं) या नावांनी शोध. चिप बनवणाऱ्या आणि लिनक्स विकणाऱ्या कंपन्यांत, मुख्यतः बंगळुरू, हैदराबाद आणि पुण्यात. कॅम्पसला दुसरी नोकरी मिळाली तर घरची परिस्थिती बघून खुशाल घे. दोन वर्षं पॅच पाठवत राहिलीस तर वाट बदलता येते, कारण तुझं काम तुझ्या नावानिशी सगळ्यांना दिसत असतं.

आणि बाबांना एक विचार : माग कापड विणतो, मग कारखानदार जॉबरला का ठेवतो?